डॉक्टरांचे मंत्रिमंडळ

एका रात्रीत मंत्रिमंडळ मोडून पहाटेपर्यंत दुसरे उभे करण्याचा प्रयोग मराठी माणसाने एकदा करून पाहिला आहे. साल १९३८, महिना जुलै, गाव नागपूर आणि प्रयोग करणारा माणूस धंद्याने डॉक्टर. मध्यप्रांत व वऱ्हाडचे मुख्य प्रधान डॉ. नारायण भास्कर खरे यांनी २० जुलैला राजीनामा दिला आणि २१ तारखेला नव्या मंत्र्यांसह पुन्हा शपथ घेतली. त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांना तेही मंत्रिपद सोडावे लागले. पन्नाशी ओलांडलेल्या त्या गृहस्थाचे उरलेले सारे आयुष्य या तीन-चार दिवसांनी भलत्याच दिशेला वळवले.

हे जुने प्रकरण आता उकरून काढण्याचे कारण अगदी घरगुती आहे. आमच्या हिर्डोशीच्या खोऱ्यात एक डॉक्टर आहेत. त्यांचे नाव सांगत नाही, कारण त्यांच्याच मनाचे अजून ठरलेले नाही. पुढल्या निवडणुकीला त्यांनी उभे राहावे म्हणून लोक त्यांच्या मागे लागले आहेत. भोरहून महाडकडे जाणारा रस्ता वरंध घाटात चढण्यापूर्वी ज्या डोंगरांच्या कुशीतून जातो, तो आमचा मुलूख. पूर्वी याला हिरडस मावळ म्हणत. हिर्डोशी हे नावही हिरड्यावरूनच पडले, असे गावातली जुनी माणसे सांगतात. हिरडा म्हणजे त्रिफळ्यातला पहिला मानकरी. तेव्हा औषधाशी या खोऱ्याचे नाते जुनेच म्हणायचे! पण झाडावरचे औषध वेगळे आणि रात्री बारा वाजता कंदील घेऊन दार ठोठावले तर उघडणारा डॉक्टर वेगळा. इथे पाऊस लागला म्हणजे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. भातलावणीत घोणस आणि फुरसे ही पायाखालचीच पाहुणी. अशा ठिकाणी एक शिकलेला तरुण टिकून राहतो, उधारीची वही मनावर घेत नाही आणि अडलेल्या बाईला स्वतःच्या गाडीत घालून भोरच्या सरकारी रुग्णालयात पोचवतो, त्याला लोकांनी डोक्यावर घ्यावे यात नवल नाही.

एक म्हातारी तर त्यांना भर दवाखान्यात म्हणाली, “डाक्तरा, तू उबा ऱ्हा. मत तुलाच. पन निवडून आलास म्हून सुई टोचायला कंपौंडरला धाडू नगंस!”

म्हातारीने एका वाक्यात जे सांगितले ते सांगायला मला डॉ. खऱ्यांची सगळी कथा लागली. दिवाळीच्या सुटीत मी गावी असताना डॉक्टर दोन संध्याकाळ आमच्या पडवीत येऊन बसले. “सर, तुम्ही पुस्तकातली माणसे. तुम्हीच सांगा, आमच्या धंद्यातला माणूस त्या धंद्यात गेला तर त्याचे काय होते?” असा त्यांचा सरळ प्रश्न. विधानचंद्र रॉय पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाल्यावरही रोज सकाळी रोगी तपासत, हे त्यांना ठाऊक होते. जीवराज मेहता गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, हेही माहीत होते. डॉ. खऱ्यांचे नाव मात्र त्यांनी ऐकले नव्हते. आपल्या लोकांची आठवण अशीच असते. जो जिंकला तो रस्त्याच्या पाटीवर जातो, जो फसला तो ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर.

नारायणरावांचा जन्म १८८४ साली पनवेलचा. वैद्यकीचे शिक्षण लाहोरला. पंजाब विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनी मिळवली, तीही अशा काळात की जेव्हा त्या पदवीची माणसे बोटांवर मोजता येत. काही वर्षे मध्यप्रांताच्या सरकारी वैद्यकीय खात्यात नोकरी झाली. मग ती सोडून नागपुरात त्यांनी स्वतःचा व्यवसाय मांडला. व्यवसाय चालला आणि त्याबरोबर सार्वजनिक कामही वाढले. काँग्रेस, वर्तमानपत्र, प्रांतिक कायदेमंडळ, पुढे दिल्लीचे मध्यवर्ती कायदेमंडळ, अशा पायऱ्या ते चढत गेले. त्या काळी नागपुरात डॉक्टरांना राजकारणाचे वावडे नव्हतेच. डॉ. मुंजे नेत्रवैद्य होते, डॉ. हेडगेवारांनी कलकत्त्याला वैद्यक पुरे केले होते. डॉक्टर म्हणजे घरात शिरलेला माणूस. वकिलाकडे आपण संकटात जातो, मास्तरांकडे मुलाला पाठवतो. पण डॉक्टर आपल्या माजघरापर्यंत येतो. तो पुढे मत मागायला आला, तर त्याला दारात उभे कसे करणार?

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना कारभाराचे अधिकार मिळाले आणि १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. (आमच्या हिर्डोशीकरांना त्या निवडणुकीत मत नव्हते. आम्ही तेव्हा भोर संस्थानात, पंतसचिवांच्या अमलाखाली; खालसा मुलखातले लोक मते देत होते आणि आमचे आजे-पणजे अर्ज-विनंत्या लिहीत होते. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा कुठे हा भेद मिटला.) मध्यप्रांत-वऱ्हाडात ११२ पैकी ७० जागा काँग्रेसला मिळाल्या. अधिकार घ्यावेत की नाही यावर काही महिने खल होऊन जुलै १९३७ मध्ये डॉ. खरे मुख्य प्रधान झाले.

खुर्ची मिळाली, पण ती तीन पायांची. प्रांत एक आणि त्यात काँग्रेसच्या प्रांतिक समित्या तीन: नागपूर, विदर्भ आणि महाकोशल. पहिल्या दोन मराठी, तिसरी हिंदी. राजधानी नागपूर मराठी, संख्याबळ मात्र हिंदी जिल्ह्यांकडे. महाकोशलचे पंडित रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे एका बाजूला. वऱ्हाड-नागपूरचे गोळे आणि देशमुख दुसऱ्या. कायदेमंत्री शरीफ यांना एका कैद्याला मुदतीपूर्वी सोडल्याच्या प्रकरणात १९३८ च्या पूर्वार्धात जावे लागले, तेव्हा उरलेल्यांतली तेढ अधिकच उघडी पडली. उन्हाळ्यात सरकार पचमढीला गेले. तिथे मे महिन्यात सरदार पटेल, मौलाना आझाद ही वडीलधारी मंडळी येऊन समेट घडवून गेली. थंड हवेच्या ठिकाणी केलेले समेट खाली उतरल्यावर टिकत नाहीत, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

इथपर्यंत ऐकून आमचे डॉक्टर म्हणाले, “म्हणजे केस जुनाट होती. वरवरच्या गोळ्यांनी बरी होणारी नव्हती.”

नेमके असेच डॉ. खऱ्यांना वाटले असावे. २० जुलैला त्यांनी, गोळ्यांनी आणि देशमुखांनी राजीनामे दिले. घटनेचा संकेत असा की मुख्य प्रधान गेला म्हणजे सबंध मंत्रिमंडळ जाते. इंग्लंडात हेच चालते. त्यात गैर काहीच नाही. तेव्हा उरलेल्या तिघांनीही राजीनामे द्यावेत, असे त्यांना कळवण्यात आले. तिघांनी नकार दिला. वर्ध्याला दोन-तीन दिवसांत काँग्रेसची कार्यकारिणी भरणार होती. श्रेष्ठींनी सांगितल्याशिवाय आम्ही हलणार नाही, अशी त्यांची भूमिका. मग गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी आपला अधिकार वापरून त्या तिघांना रातोरात काढून टाकले आणि २१ तारखेला खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ उभे राहिले. त्यात गोळे, देशमुख होतेच. छत्तीसगडचे ठाकूर प्यारेलाल सिंह घेतले होते आणि रामेश्वर अग्निभोज हे अस्पृश्य समाजातले गृहस्थही मंत्री झाले होते.

ऐकायला किती सुटसुटीत! सडलेला भाग कापला, टाके घातले, रोगी सकाळी चहा पितो आहे.

पण वर्धा नागपूरपासून अवघ्या पाऊणशे किलोमीटरवर, आणि वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजी. सुभाषचंद्र बोस त्या वर्षी अध्यक्ष होते. कार्यकारिणीपुढे डॉ. खऱ्यांना बोलावले गेले. २३ जुलैला त्यांनी आपले नवे मुख्य प्रधानपद सोडले. मग गांधीजींशी सेवाग्रामला बोलणे झाले. एक निवेदन तयार झाले. खऱ्यांनी त्यावर सही केली नाही. २६ तारखेला कार्यकारिणीने ठराव केला की डॉ. खरे काँग्रेसमध्ये जबाबदारीची जागा भूषवण्यास अपात्र आहेत. २७ ला आमदारांनी शुक्लांना नेता निवडले. २९ ला शुक्लांचे मंत्रिमंडळ आले. आठवड्यापूर्वी ज्यांना बडतर्फ केले तेच आता वरच्या खुर्चीत!

या प्रकरणावर त्या वेळी मराठी मुलखात फार आग पाखडली गेली. हिंदीवाल्यांनी मराठी माणसाचा काटा काढला, असे म्हणणारे पुष्कळ होते. स्वतः खऱ्यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. अग्निभोजांना मंत्री केले हे श्रेष्ठींना खपले नाही, हाही आरोप झाला. गांधीजींनी तो मानला नाही, पण डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर जे पुस्तक लिहिले त्यात या घटनेची नोंद घेतली. काँग्रेसचे म्हणणे असे की लढ्यात असलेल्या संघटनेला एकच सेनापती असावा लागतो, आणि ज्या गव्हर्नरशी आपला झगडा त्याच्याच हाताने सहकाऱ्यांना काढणे ही शिस्त नव्हे.

मला विचाराल तर डॉ. खऱ्यांचे निदान बरोबर होते. मुख्य प्रधान नेमका कोणाला जबाबदार? ज्या आमदारांनी त्याला निवडले त्यांना, त्या आमदारांना ज्यांनी निवडले त्या मतदारांना, की प्रांताबाहेरच्या चार थोर माणसांना? हा प्रश्न त्यांनी १९३८ साली विचारला आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले नाही. पुढे स्वातंत्र्य आले, प्रांतांची राज्ये झाली, पक्ष बदलले, रंग बदलले. तरी आपल्या राज्याचा मुख्यमंत्री कोण ही बातमी आपण दिल्लीहूनच ऐकत आलो आहोत. तेव्हा तो माणूस नुसता रागीट होता, असे म्हणून सुटका होत नाही.

उपचार मात्र चुकला, आणि तो डॉक्टरी सवयीने चुकला. हे माझे म्हणणे आमच्या डॉक्टरांना मुळीच पटले नाही. ते चांगलेच तापले.

“सर, रात्री साडेअकराला घोणस चावलेला माणूस माझ्या टेबलावर आला, तर मी कुणाच्या बैठकीची वाट पाहू? तेव्हा निर्णय एकट्यानेच घ्यावा लागतो. नाही घेतला तर माणूस जातो.”

“बरोबर आहे. पण डॉक्टर, भोरला किंवा पुण्याला मोठे ऑपरेशन असले म्हणजे आधी काय करतात?”

“नातेवाईकांची सही घेतात.”

“ती सही खऱ्यांनी घेतली नव्हती.”

राजीनामा देण्यापूर्वी पक्षाच्या आमदारांची बैठक बोलावून त्यांचा कौल मागता आला असता. सत्तरांपैकी निम्म्याहून जास्त हात आपल्या बाजूने वर आले असते, तर मग वर्ध्याच्या बैठकीत खऱ्यांचा आवाज निराळा लागला असता. आले नसते, तर रोगी आपल्या हातचा नाही हे एक आठवडा आधी कळले असते आणि राजीनामा देऊन मानाने दवाखान्यात परतता आले असते. त्यांनी गव्हर्नरचा हात धरला. कायद्याच्या पुस्तकात तो हात शुद्ध होता. लोकांच्या डोळ्यांत तो साहेबाचा हात होता. डॉक्टरला रोग्याचा विश्वास आयताच मिळतो, म्हणून विश्वास मागावा लागतो ही गोष्ट तो विसरतो. आमच्या खोऱ्यातली माणसे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते कधी विचारत नाहीत. पण गावच्या सभेत हाच डॉक्टर नळपाणी योजनेचा कागद पुढे करील, तेव्हा तीच माणसे तो उलटून-पालटून पाहतील, आणि तसे पाहिलेच पाहिजे.

“आणि पुढे?” डॉक्टरांनी विचारले. मला वाटले होते, हे त्यांनी विचारू नये.

कारण पुढचा भाग सांगताना जीभ जड होते. काँग्रेसमधून उठलेला हा माणूस १९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसला. परदेशातल्या हिंदी लोकांचे खाते त्याच्याकडे होते. दक्षिण आफ्रिकेत आपल्या लोकांच्या जमीन-घराच्या हक्कांवर गदा आली तेव्हा, १९४४ मध्ये, जशास तसे म्हणून तिथल्या गोऱ्यांवर इथे निर्बंध घालण्यात आले, ते याच खात्याकडून. हे काम चांगले होते आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. ते १९४६ पर्यंत तिथे होते. मग १९४७ मध्ये ते अलवार संस्थानचे पंतप्रधान झाले. लोकांनी निवडलेला प्रांताचा मुख्य प्रधान दहा वर्षांनी महाराजांच्या नेमणुकीने दिवाण! ज्या वर्षी संस्थानातली प्रजा मताचा हक्क मागत होती त्याच वर्षी ज्याला मताचा हक्क पुरेपूर ठाऊक होता तो माणूस राजवाड्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, ही गोष्ट आम्हा माजी संस्थानी लोकांना जरा जास्तच टोचते.

आणि त्याच वर्षी अलवार-भरतपूरकडे मेव मुसलमानांच्या कत्तली झाल्या. गावेच्या गावे उठली, हजारो माणसे परागंदा झाली आणि संस्थानी फौजेचा त्यात हात होता. कारभाराच्या शिरोभागी डॉ. खरे होते. गांधीजींच्या खुनानंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये केंद्र सरकारने त्यांना कारभारातून दूर केले. खुनाच्या कटाशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण मेवातच्या खेड्यांतून काय झाले, याची जबाबदारी कागदावरच्या सुटकेने संपत नाही. नाडी धरायला शिकलेल्या माणसाच्या कारकीर्दीत हे घडावे, याचा अर्थ मला लावता आलेला नाही. १९३८ चा अन्याय मी शंभर वेळा मान्य करीन, पण तो अन्याय १९४७ च्या पारड्यात टाकून हिशेब बरोबर करता येत नाही. मराठी माणसावर अन्याय झाला, एवढीच अर्धी गोष्ट सांगून आपण फार वर्षे काढली.

पुढे ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले, ग्वाल्हेरची पोटनिवडणूक जिंकून पहिल्या लोकसभेत बसले. १९५९ साली त्यांनी इंग्रजीत आपल्या राजकीय आठवणी प्रसिद्ध केल्या. १९७० साली ते वारले. ज्या मराठी जिल्ह्यांसाठी इतके रामायण घडले ते आठही जिल्हे १९५६ साली मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. शुक्ल उरलेल्या नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांचे देहावसान झाले. १९३८ मध्ये दोन दिवसांचे मंत्री ठरलेले अग्निभोज स्वातंत्र्याच्या सुमारास त्याच शुक्लांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. राजकारणात इतकी गंमत असते. वैद्यकशास्त्रात ती परवडत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी आमचे डॉक्टर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सर, एक सांगा. ते मुख्य प्रधान झाले त्या दिवशी त्यांच्या वेटिंगमध्ये बसलेल्या पेशंटांचे काय झाले?”

मी म्हटले, “नागपूर मोठे शहर. तिथे दुसरे डॉक्टर होते.”

हे बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आले. मी त्यांना उभे राहू नका असे म्हटलेले नाही, म्हणणारही नाही. पंचायतीच्या खुर्च्या रिकाम्या कधीच राहत नाहीत. चांगला माणूस न बसला तर तिथे कोण बसतो हे सारे खोरे पाहत आले आहे, आणि सरकारी दवाखान्यात लस का नाही हे विचारायला त्या लसीचे नाव ठाऊक असलेला माणूस बरा. पण त्यांनी आधी आमदार-खासदारांकडे न जाता वाड्या-वाड्यांतून बैठका घ्याव्यात आणि दवाखान्याचे काय करू, हा प्रश्न रोग्यांनाच विचारावा, एवढे मात्र मी निक्षून सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले; अक्षर अर्थात कोणालाही वाचता येणार नाही असे.

मी पुण्याला परतल्यावर त्यांचा फोन आला. तीन वाड्यांच्या बैठका झाल्या. पहिल्या दोन ठिकाणी लोकांनी हार घातले. तिसऱ्या वाडीत एका धनगराने उठून विचारले की तुमी मीटिंगला गेल्यावर इंजेक्शन कोन देनार. डॉक्टर म्हणाले, त्याची सोय लावतो आहे: महाडचा एक जुना वर्गमित्र आठवड्यातून दोन दिवस घाट चढून दवाखान्यात बसायला तयार झाला आहे. पावसाळ्यात दरडी कोसळल्या म्हणजे वरंध घाट बंद करतात, हे त्या मित्राला अजून कोणी सांगितलेले दिसत नाही.